खाऱ्या पाण्याचं सासर

आऊटबोर्ड मोटर धंद्याला लागली ती आइस्क्रीमपायी. ओल इव्हिनरूड नावाचा, मूळचा नॉर्वेचा तरुण विस्कॉन्सिनमधल्या एका तळ्यावर सहलीला गेला होता. बेस नावाच्या मुलीला आइस्क्रीम खावंसं वाटलं. हा बहाद्दर उन्हातान्हात होडी वल्हवत पलीकडच्या काठाला गेला आणि परत येईस्तोवर आइस्क्रीमचं दूध झालं, अशी कथा सांगतात. दुसरा कुणी असता तर पुढच्या वेळी काठ बदलून सहल काढू म्हणाला असता. यानं होडीच्या मागच्या फळीला बाहेरून टांगता येईल असं इंजिनच बनवलं. १९०९ साली ते मिलवॉकीत विक्रीला आलं. ताकद दीड घोड्याची, वजन ६२ पौंड, किंमत ६२ डॉलर. पौंडाला डॉलर, घासाघीस करायला जागाच नाही. बेसनं त्याच्याशी लग्न केलं आणि धंद्याचा पत्रव्यवहार नि जाहिरातीही तिनंच सांभाळल्या.

या सगळ्या गोष्टीत समुद्र कुठेही नाही, हे ध्यानात घ्या. मोटरचं माहेर म्हणजे विस्कॉन्सिनचं तळं, गोडं पाणी, लाडाची लेक. तिला पुढे खाऱ्या पाण्यात दिली, आणि त्यातल्या काहींच्या नशिबी बदकांची शिकार आली. म्हणजे सासू मीठ आणि नणंद बर्फ. पन्नास-पन्नास वर्षं या घरात नांदणाऱ्या मोटरींना पाहिलं की आपल्याकडच्या जुन्या काकवा आठवतात. आवाज मोठा, धूर भरपूर, पण सकाळी पहिल्या हाकेला उठतात. निदान तिसऱ्या-चौथ्या हाकेला तरी.

न्यू जर्सीत एडिसनच्या बाजूला मराठी माणसाला ठेच लागली तरी समोर मराठी माणूसच निघतो. आम्ही मात्र नोकरीपायी तिथून बरेच खाली, बार्नेगाट खाडीच्या अंगाला येऊन पडलो. अटलांटिक महासागर आणि मुख्य जमीन यांच्यामध्ये रेतीच्या लांबच लांब पट्ट्यानं अडवलेलं हे उथळ पाणी, कडेनं मैलोन् मैल खारं गवत आणि चिखल. कोकणातल्या माणसाला इथली खाजणं पाहून गहिवरून येतं आणि डिसेंबरातला वारा सुटला की गहिवर तिथल्या तिथे गोठतो. आमचे शेजारी याच खाडीवर वाढले. सत्तरी उलटलीय. आमच्या हिला त्यांचं आडनाव उच्चारता येईना, म्हणून पहिल्याच हिवाळ्यात त्यांचे ‘बदकवाले काका’ झाले आणि त्यांच्या सौभाग्यवती ‘काकू’. दोघांनाही ही नावं आवडतात. काकूंनी तर आमच्या दारावरच्या चिठ्ठीखाली ‘काकू’ अशी रोमन लिपीत सहीसुद्धा केली होती.

काकांची होडी म्हणजे ‘स्नीकबॉक्स’. बार्नेगाटची ही खास पैदास. १८३६च्या सुमारास वेस्ट क्रीक गावच्या हेझल्टन सीमन यांनी पहिली बांधली. बारा फुटांच्या आसपास लांब, पाण्याला जवळजवळ चिकटलेली, वरून झाकलेली, मधोमध माणूस उतरेल एवढं भोक. शिकाऱ्यानं आत उताणं पडायचं, वरून खारं गवत पसरायचं आणि बदकांना हे बेट आहे असं वाटू द्यायचं. त्या काळच्या गावकऱ्यांनी तिला ‘सैतानाची शवपेटी’ म्हटलं होतं. मी एकदा आत उतरून पाहिलं, गावकरी अगदी बरोबर होते. मुळात ती वल्ह्या-शिडाची होडी. काकांनी तिच्या मागे दहाएक घोड्यांची मोटर टांगली आहे. ती १९७०च्या दशकातली, टू-स्ट्रोक. कंपनीचं नाव मिठानं खाल्लंय. शेवटची दोन अक्षरं शिल्लक आहेत, त्यातलं एक उलटं लोंबतंय.

शिकार म्हणून आपण जे समजतो ते या प्रकरणात फार थोडं आहे. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून गोळी झाडायची मुभा. बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसं. राज्याचा परवाना वेगळा. त्याशिवाय केंद्र सरकारचं बदकांचं तिकीट, ज्याची पद्धत १९३४ साली सुरू झाली तेव्हा एक डॉलर पडायचा, आता पंचवीस पडतात आणि त्या पैशातून पाणथळ जागा राखल्या जातात. १९९१पासून पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे देशभर बंद, कारण चिखलात पडलेलं शिसं बदकं खडे समजून गिळत आणि मरत. तेव्हापासून बहुतेक लोक पोलादाचे छर्रे वापरतात. कायदा योग्यच आहे. पण मिठाच्या दृष्टीनं पाहिलं तर सरकारनं त्याला आणखी एक गंजणारी वस्तू आणून दिली. आपल्याकडे १९७२चा वन्यजीव कायदा आला आणि पुढे शिकारीची वाट बंद झाली, त्यामुळे मराठी साहित्य एका मोठ्या विषयाला मुकलं: खाऱ्या पाण्यातून आलेली मोटर धुणं.

कारण खरा कार्यक्रम तोच असतो. बदकं सकाळी तास-दोन तास. मोटर बाराही महिने.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम मीठ असतं. खाडीत नद्या मिसळतात म्हणून इथे जरा कमी. पण मीठ हा काही प्रमाण पाहून भांडणारा पदार्थ नव्हे. मोटरचं बाहेरचं अंग ॲल्युमिनियमचं, त्यातले बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, दांडा आणखी कसला. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकवून खाऱ्या पाण्यात बुडवले की बॅटरी तयार होते, आणि या बॅटरीत संपतं ते ॲल्युमिनियम. म्हणजे मोटर स्वतःलाच हळूहळू खर्च करून कुणालाही न लागणारी वीज तयार करत असते. बोल्टभोवती पांढरी भुकटी जमते, रंगाला फोड येतात, आणि बोल्ट नि त्याचे आटे एकजीव होऊन बसतात. मग पाना लावला की दोनच गोष्टी होऊ शकतात. बोल्ट हलत नाही, किंवा डोकं तुटून हातात येतं. काकांच्या टपरीत अशा तुटलेल्या डोक्यांची एक बरणी आहे. नवा बोल्ट लावताना आट्यांना बोटानं ग्रीस चोपडायचं, एवढाच यावर उपाय. काका ते आपल्याकडच्या बायका पुरणपोळीवर तूप लावतात त्या उदारपणे लावतात.

या खर्चावर तोडगा म्हणजे जस्ताची वडी. मोटरच्या खालच्या अंगाला ती बोल्टानं बसवायची. जस्त ॲल्युमिनियमच्या आधी झिजतं, म्हणजे घरातल्या कर्त्याऐवजी धाकट्यानं मार खायचा. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमची वडी चालते, खाऱ्यात जस्ताची किंवा ॲल्युमिनियमच्या खास मिश्रणाची. वडी अर्धी झिजली की बदलायची. वडी अनेक वर्षं नवीकोरी दिसत असेल तर खूश होऊ नये, कारण ती काम करत नाही आणि मार दुसरं कुणीतरी खातंय. खाडीवरच्या एका उत्साही गड्यानं मोटरला चिखलाच्या रंगाचा हात देताना वडीही रंगवून टाकली. बदकांना ती दिसली नाही हे खरं. पण रंगाखाली गेलेल्या जस्ताला पाणीही दिसेना. वसंतात त्याच्या मोटरच्या बुडाला बोट जाईल एवढं भोक होतं.

ही युक्ती जुनी आहे. सर हम्फ्री डेव्ही यांनी १८२४च्या सुमारास इंग्रजांच्या आरमाराला सुचवलं, की गलबतांच्या तळाला जे तांब्याचे पत्रे ठोकता ते समुद्र खातो, तर त्यांना जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडा. जोडले. तांबं झिजायचं थांबलं. डेव्ही खूश. पण तांबं झिजत होतं म्हणूनच त्याचं विष पाण्यात उतरून तळाला शिंपले चिकटत नव्हते. आता ते मोकळेपणी चिकटले, गलबतं जड झाली आणि आरमारानं डेव्हींचा शोध सन्मानानं काढून ठेवला. मिठाशी वाद घालणाऱ्याला एक मुद्दा जिंकता येतो, दुसरा नाही. काही लोक आजही तळाचा तांबंयुक्त रंग उरला म्हणून तोच ॲल्युमिनियमच्या मोटरला फासतात. डेव्हींनी कपाळावर हात मारून घेतला असता. तांबं आणि ॲल्युमिनियम यांची गाठ खाऱ्या पाण्यात घालून देणं म्हणजे मोटरला आपण होऊन विष पाजणं.

आता बर्फाकडे येऊ, कारण नणंद घरात आल्याशिवाय खरी रंगत नाही.

होडी गवतात घुसवून शिकारी लपला, की मोटरचं काय करायचं? मीठ सांगतं, वर उचला, पाण्याबाहेर ठेवा, जितका वेळ बुडलेली तितकी झीज जास्त. थंडी सांगते, खबरदार उचललीत तर! कारण समुद्राचं पाणी उणे दोनच्या जरा अलीकडेच गोठतं, म्हणजे खाडीचं पाणी अजून पाणी असतं तेव्हा वर वारा उणे सात-आठचा असू शकतो. मोटर वर काढली की पंपात अडकलेलं पाणी गोठतं. पंपात रबरी पाकळ्यांचं एक चक्र असतं, ते आतल्या भिंतीला चिकटून बसतं आणि पुढच्या वेळी दोरी ओढली की पाकळ्या जागच्या जागी तुटतात. पाण्यात मोटर खाली ठेवली तर तेच समुद्राचं पाणी तिला उबदार ठेवतं. थोडक्यात, वाचवायचं तर मारेकऱ्याच्याच मांडीवर द्यायचं. काका थर्मामीटर पाहतात. पारा शून्याच्या वर असेल तर मोटर वर, खाली असेल तर मोटर खाली. मोटरीचं आणि पाऱ्याचं असं जमलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

पंप चालतोय की नाही हे कळतं मागून येणाऱ्या पाण्याच्या बारीक धारेवरून. मोटर सुरू झाली की खाडीवरचे सगळे म्हातारे माना वळवून धारेकडे पाहतात. धार नसेल तर मोटर लगेच बंद करायची, कारण रबरी चक्र कोरडं फिरलं तर बघता बघता जळतं. धक्क्यावर सकाळी एकमेकांना पहिला प्रश्न हाच असतो, “धार नीट आहे ना?” त्या वयाच्या मंडळींत हा प्रश्न मोटरपुरता मर्यादित आहे असं मला वाटत नाही, पण उत्तर मोटरपुरतंच देतात.

पण शिकारीचा खरा कळस घरी आल्यावर. खाऱ्या पाण्यातून आलेली मोटर त्याच दिवशी गोड्या पाण्यात चालवायलाच हवी. आणि हिवाळ्यात इथे घराबाहेरचे नळ बंद असतात. नोव्हेंबर आला की तळघरातून झडप बंद करायची, बाहेरची तोटी उघडी टाकायची, नाहीतर आत अडकलेलं पाणी गोठून पाईप फुटतो आणि भिंतीतून कारंजं उडतं. म्हणजे वर्षातल्या ज्या तीन महिन्यांत मोटरला अंगणातल्या नळाची सर्वात जास्त गरज, त्याच तीन महिन्यांत तो नळ नसतो. देवानं हे जुळवून आणताना किती विचार केला असेल!

काकूंनी त्यांच्या तळघरातल्या धुण्याच्या सिंकवरून मोटरीला कायमची बंदी घातली आहे. कारण मी विचारलं नाही, भिंतीवरचा तेलाचा पट्टा पाहिला होता. म्हणून पहिल्या हिवाळ्यात एका दुपारी काका आमच्या दारात टोपी हातात घेऊन उभे. “थोडं पाणी मिळेल का?” म्हणाले. आता आमच्या घरात पाणी मागणाऱ्याला नाही म्हणण्याची पद्धत नाही. मी पेला भरून आणला. त्यांनी तो सभ्यपणे पिऊन टाकला, पेला परत दिला आणि मग मागच्या अंगणातल्या पिंपाकडे बोट दाखवलं.

तेव्हापासून आमच्या तळघराच्या खिडकीतून पाईप बाहेर जातो. कचऱ्याचं मोठं पिंप, त्यात कोमट पाणी, फळीला अडकवलेली मोटर. नव्या मोटरींना पाणी शोषायच्या जाळीवर दोन रबरी वाट्यांचा चिमटा लावून पाईप जोडता येतो. या म्हातारीची जाळी अशा अडचणीच्या जागी आहे की चिमटा बसत नाही, म्हणून पिंप. पंखा आधी काढून ठेवायचा. नाही काढला तर अर्ध्या मिनिटात पिंपातलं सगळं पाणी बघ्यांच्या अंगावर. हे ज्ञान आमच्या गल्लीत सर्वांना प्रत्यक्ष मिळालेलं आहे. मग दोरी. पहिला ओढा सलामीचा, दुसरा विनवणीचा, तिसऱ्याला काका एक शब्द उच्चारतात आणि मोटर सुरू होते. निळा धूर कुंपणावरून आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. आता इथेच घाई करणारा फसतो. मोटरच्या आत थर्मोस्टॅट नावाची झडप असते. मोटर तापल्याशिवाय ती नीट उघडत नाही. दोन मिनिटं चालवून बंद केली तर गोडं पाणी बाहेरच्या बाहेर फिरतं आणि मीठ आतल्या नळ्यांमध्ये पाय पसरून बसतं. म्हणून ती गरम होऊ द्यायची, दहा मिनिटं तरी. काका तेवढा वेळ तिच्या पाठीवर हात ठेवून उभे असतात. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे बेचाळीस वर्षांच्या संसारात इतका वेळ त्यांनी दुसऱ्या कुणाच्या पाठीवर हात ठेवलेला नाही.

शेवटी पेट्रोलची नळी काढून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत चालवायची, कारण इथल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. मग मोटर सरळ उभी ठेवायची. तिरकी ठेवली की आत पाणी साचतं आणि रात्री गोठून ॲल्युमिनियम फोडतं. म्हणजे मिठापासून वाचवायला जे पाणी घातलं त्याच पाण्यापासून आता वाचवायचं. खालच्या गिअरच्या पेटीचा स्क्रू सैल करून तेलाचा थेंब बघायचा. तेल दुधाळ असेल तर सील गेलं, पाणी आत शिरलंय, आणि पहिल्या कडक थंडीत पेटी तडकणार. हे मी मोटर पाहून शिकलो नाही, काकांचा चेहरा पाहून शिकलो.

आणि एवढं धुऊन-पुसून होडी ट्रेलरवर चढवून पुढच्या शिकारीला निघालं, की बर्फ साचू नये म्हणून रस्त्यावर आदल्या रात्री पालिकेनं मीठ फेकलेलं असतं. खाडीला पोचायच्या आतच मोटर खारी.

बाजारात यावर फवारे आहेत, द्रावणं आहेत, पांढऱ्या व्हिनेगरचे उपाय आहेत. धक्क्यावरच्या प्रत्येक म्हाताऱ्याचं एक गुप्त औषध आहे आणि तो ते सगळ्यांना सांगतो. काही उपयोगी पडतात. पण गोडं पाणी वेळेवर न घालता नंतर फवारा मारणं म्हणजे जेवल्यानंतर हात धुवायला विसरून अत्तर लावणं, असं काकांचं मत. मला पटतं. आमच्या कोकणातल्या घराच्या खिडक्यांचे गज खाऱ्या वाऱ्यानं खाल्ले ते असंच, दरवर्षी नवा रंग चढत गेला आणि खालचं मीठ कुणी धुतलं नाही.

एवढ्या सेवेच्या बदल्यात काय मिळतं? अनेकदा बफलहेड. हे बदक इतकं लहान की पिसं काढली की शिकारीचा पुरावा शोधावा लागतो. नाहीतर ब्रँट, म्हणजे समुद्रावरचा छोटा हंस. ब्रँट एकेकाळी इथलं पक्वान्न होतं, कारण तो ईलग्रास नावाचं पाण्याखालचं गवत खायचा. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अटलांटिक किनाऱ्यावर त्या गवताला रोग आला, गवत जवळजवळ नाहीसं झालं, ब्रँटही खूप घटले. उरले ते हिरवं शेवाळ खाऊन जगले, आणि तेव्हापासून त्यांची चवही शेवाळाच्या बाजूला झुकली. काका मला दरवर्षी एक देऊ करतात. दरवर्षी आमच्याकडे नेमका उपास असतो.

त्यांच्या मुलानं नवी फोर-स्ट्रोक मोटर घेऊन देतो म्हटलं. काका ऐकून न ऐकल्यासारखं करतात. इव्हिनरूड मोटरींचं उत्पादनच २०२० साली बंद झालं, तेव्हा त्यांच्या टपरीत आठवडाभर सुतक होतं, त्यांची मोटर त्या कंपनीची होती की नाही कुणास ठाऊक. जुने सुटे भाग मात्र अजून मिळतात, कारण हे लोक मेलेल्या मोटरी फेकत नाहीत, तुमच्या-आमच्या घरातल्या माळ्यावरच्या सामानासारख्या सांभाळतात.

हे वाचून तुमच्यापैकी कुणी अमेरिकेच्या किनाऱ्यावर राहत असेल आणि जुनी मोटर घ्यायचा मोह झाला, तर एक विनंती. प्रत्येक विक्रेता मोटर ‘फक्त गोड्या पाण्यात वापरलेली’ असं सांगेल. आपल्याकडे जशी प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरची असते. वादात पडू नका. धार बघा, गिअरचं तेल बघा, जस्ताची वडी रंगवलेली नाही ना ते बघा. मग थर्मोस्टॅटचं झाकण उघडून आत पांढरा थर आहे का ते दाखवा म्हणा. बोल्ट फिरत नसेल तर उत्तर मिळालं. आणि तो फिरवून बघायचं काम विक्रेत्यालाच करू द्या. तुमच्या हातून डोकं तुटलं, तर मोटर तुमची.